गिटारीचे दात

वैजापुरात जुनी वस्तू विकायला काढली की घेणारा आधी विचारतो, "चालू आहे का?" चालू आहे म्हटलं की लगेच दुसरा प्रश्न, "मग विकताय कशाला?" या दोन प्रश्नांच्या कात्रीतून आमच्या गावातला एकही कूलर, शिलाई मशीन किंवा स्कूटर आजवर सहीसलामत सुटलेली नाही. चालू नसेल तर ते भंगार, आणि चालू असेल तर तुम्ही नक्की काहीतरी लपवताय. वस्तू जुनी आहे म्हणून तिला दोन पैसे जास्त मिळावेत, असं इथं कुणी बोललं तर ऐकणारा आधी त्याच्या तोंडाचा वास घेतो.

अशा गावात माझ्या भाच्यानं दिवाळीच्या फराळाला बसल्या बसल्या जाहीर केलं, की 1959 सालची गिब्सन लेस पॉल गिटार आज दोन-अडीच कोटींच्या खाली मिळत नाही. भाचा पुण्यात कॉम्प्युटरचं काम करतो आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवतो. त्याच्या वडिलांच्या मते उलटं आहे. वडिलांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, हातातली चकली ताटलीत ठेवली.

"नवी कितीला मिळती?"

"नवी अडीच-तीन लाखांत."

"अन् वाजायला?"

"वाजायला तशा दोन्ही चांगल्याच. फरक असतो, पण..."

"मग नवी घ्यायची."

या शेवटच्या वाक्याचं उत्तर अमेरिकेतल्या मोठमोठ्या गिटारविक्यांकडेही नसावं. ते उत्तर शोधण्याच्या भानगडीत न पडता त्यांनी गेली पन्नासेक वर्षं जुन्या गिटारी विकल्या, म्हणून त्यांचं बरं चाललं आहे.

मूळ हकिकत अशी. अमेरिकेत मिशिगन राज्यात कॅलामझू नावाचं गाव आहे. तिथल्या गिब्सन कंपनीनं 1952 साली लेस पॉल या गाजलेल्या वादकाच्या नावानं एक इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली. 1958 मध्ये तिला मधे पिवळा आणि कडेला लालसर असा 'सनबर्स्ट' रंग दिला. किंमत अडीचशे डॉलरच्या घरात. गिटार देखणी, आवाजाला भारदस्त, पण वजनाला जड आणि खिशालाही जड. खपेना. तीन हंगामांत दीड हजारांच्या आसपास नग बाहेर पडले, आणि मग कंपनीनं तो नमुनाच मोडीत काढून 1961 पासून पातळ अंगाची, दोन शिंगांची दुसरी गिटार आणली.

पुढं साठीच्या दशकाच्या मध्यावर इंग्लंडमधल्या पोरांच्या हाती या टाकून दिलेल्या गिटारी लागल्या. कीथ रिचर्ड्सकडे एक होती. एरिक क्लॅप्टननं 1966 मध्ये जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्सबरोबरच्या रेकॉर्डमध्ये एक अशी काही वाजवली की सगळ्या गिटारवाल्यांना तोच आवाज हवासा झाला. त्याच वर्षी क्लॅप्टनची ती गिटार चोरीला गेली. या धंद्यातला खरा द्रष्टा मी त्या चोराला समजतो. बाजार चढायच्या आत त्यानं माल उचलला.

म्हणजे खपली नाही म्हणून कमी बनली, कमी बनली म्हणून दुर्मीळ झाली, आणि दुर्मीळ झाली म्हणून आता ती वाजवणाऱ्यांना परवडत नाही, डॉक्टर-वकिलांना परवडते. आमच्याकडे न खपलेल्या मालाची अशी भरभराट कधी झालेली नाही. न खपलेला कांदा पुढच्या वर्षी दुर्मीळ होत नाही, त्याचा नुसता वास येतो.

दाजींनी या सगळ्यातून कामाचा तेवढा मुद्दा उचलला. "पण ती एकोणसाठचीच हे कशावरनं? कुणीबी सांगल."

भाचा खुलला. म्हणाला, गिटार उघडतात. आत आवाज कमीजास्त करायच्या खुंट्यांखाली जे भाग असतात त्यांच्यावर आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन आकडे तो भाग बनवणाऱ्या कारखान्याचे, पुढचे वर्षाचे, त्यापुढचे आठवड्याचे. फेंडर कंपनीची गिटार असेल तर चार स्क्रू काढले की तिची मान सुटून हातात येते, आणि मानेच्या बुडाशी कारखान्यातल्या कुणीतरी पेन्सिलीनं तारीख लिहिलेली सापडते. मग अंधार करून जांभळा दिवा मारतात. जुना मूळचा लाखेसारखा थर त्या उजेडात हिरवट-पिवळा चमकतो. कुणी मागाहून हात फिरवला असेल तर तेवढा डाग वेगळा उठून दिसतो. तारांचे डाग, म्हणजे सोल्डर, कारखान्यातले आहेत की नंतर कुणी दिलेत, हेसुद्धा भिंग लावून बघतात.

"म्हणजे दात बघत्यात," दाजी म्हणाले, आणि तिथून पुढं चर्चेची सूत्रं त्यांच्याकडे गेली.

दाजींनी जन्मात गिटार हातात धरलेली नाही, पण लासूर स्टेशनच्या बाजारात त्यांना सोबत नेल्याशिवाय आमच्या भावकीत कुणी बैल घेत नाही. आदत, दुसा, चौसा, जुळलेला हे सगळं ते जबडा उघडून एका नजरेत सांगतात. विकणारा म्हणतो चौसा आहे, दाजी म्हणतात, "आरं, जुळून दोन पोळे झाले ह्याला." बैलाची शिंगं साळून, हिंगूळ फासून, अंगाला तेल चोपडून आणला तर दाजींचा संशय दुप्पट होतो. एवढा नटवलाय म्हणजे कुठंतरी खोट आहे. हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, बैलाच्या पाठीवर थाप मारतो, दोन पावलं चालवून बघतो आणि एक सुस्कारा सोडतो. "पाय जरा ओढतोय." तो पाय कुणालाच ओढताना दिसत नाही, पण सुस्काऱ्यासरशी दोन-तीन हजार उतरतात. मग उपरण्याखाली हात जातात, बोटं दाबली जातात, आणि भोवतालच्या गर्दीला भाव न कळता सौदा ठरतो.

भाच्यानं शपथेवर सांगितलं की जुन्या गिटारीच्या दुकानात अगदी हेच होतं, फक्त उपरणं नसतं. तुम्ही वडिलोपार्जित गिटार घेऊन गेलात की दुकानदार ती कुशीवर वळवतो, मान डोळ्यासमोर धरून बंदुकीचा नेम धरल्यासारखी बघतो आणि सुस्कारा सोडतो. "खुंट्या बदलल्यात." सुस्काऱ्याचे पैसे तिथंही कापतात. शेवटी जो भाव तो सांगतो तो साधारण पुढं ती विकून येणाऱ्या पैशाच्या निम्मा, फार तर साठ टक्के. नुसती ठेवून विकायला दिलीत तर विकल्यावर वीसेक टक्के दलाली. यात फसवणूक नाही बरं का. दुकानाचं भाडं, गिटार महिनोन्महिने भिंतीवर लटकणं, दुरुस्तीवाल्याचे पैसे हे सगळं त्यातून निघायचं असतं. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात जॉर्ज ग्रून 1970 पासून असलं दुकान चालवतात. जुन्या गिटारींची पारख करणाऱ्यांत त्यांचं नाव एवढं मोठं, की त्यांच्या दुकानातून आलेल्या पत्रावर लोक डोळे मिटून पैसे मोजतात. इथंही सांगायचा भाव आणि घ्यायचा भाव वेगळा. शहाणा दुकानदार कोण किती मागतोय हे बघतच नाही, शेवटची तशीच गिटार खरोखर कितीला गेली तेवढं बघतो. मागायला काय, आमच्या गल्लीतला एक जण त्याच्या बंद पडलेल्या टेम्पोचे अजून दीड लाख मागतोय.

इथवर दाजी आणि नॅशव्हिल यांचं उत्तम जमलं. बिनसलं ते रंगावरून.

जुन्या गिटारीला नव्यानं रंग दिला, कितीही सुबक दिला, तरी तिची किंमत साधारण निम्म्यावर येते, असं भाचा म्हणाला आणि घरात शांतता पसरली. कारण त्याच आठवड्यात दाजींनी ट्रॅक्टर, लोखंडी फाटक, दोन पत्र्याच्या पेट्या आणि उरलेल्या रंगात विहिरीवरची मोटर रंगवून काढली होती. वैजापुरात दिवाळीच्या आधी माणूस हातात ब्रश घेऊन घरातून एक फेरी मारतो, आणि त्याच्या वाटेत जे जे हलत नाही ते ते रंगून निघतं. जे हलतं ते पोळ्यालाच रंगवून झालेलं असतं.

आणि गिटारवाल्यांना हवी असते हात न लावलेली वस्तू. स्क्रू मूळचे हवेत, ते गंजलेले चालतात. रंगाला भेगा पडल्या असतील तर त्यांनाही एक प्रतिष्ठित नाव आहे. पाठीवर वाजवणाऱ्याच्या पट्ट्याच्या बकलानं ओरखडे पडले असतील तर त्यालासुद्धा नाव आहे. कहर म्हणजे ऊन. त्या 1958-59 च्या लेस पॉलमधला लाल रंग उन्हात टिकत नाही. कुठली दुकानाच्या काचेत राहिली, कुठली पलंगाखाली राहिली, त्याप्रमाणे प्रत्येकीचा रंग वेगळा उडाला. आता त्या उडालेल्या रंगांना 'लेमन ड्रॉप', 'टी बर्स्ट' अशी नावं पडली आहेत आणि गिऱ्हाईक त्यातली आपल्या आवडीची छटा मागतं. उन्हानं रंग उडाला तरी गिऱ्हाईक हरखतं, हे ऐकल्यावर दाजी बराच वेळ ओट्यावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे बघत होते.

यातली खरी गंमत लिओ फेंडर या गृहस्थांची आहे. हा माणूस कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्त करायचा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यामुळे त्यानं गिटारीकडे एखाद्या मेकॅनिकच्या नजरेनं बघितलं आणि 1950 च्या सुमारास अशी इलेक्ट्रिक गिटार काढली की जिची मान झिजली तर चार स्क्रू काढून नवी बसवावी, आतला भाग जळाला तर बदलावा, आणि गिऱ्हाइकानं संध्याकाळी पुन्हा कामावर जावं. 1954 ची त्याची स्ट्रॅटोकास्टर याच डोक्यातून आली. हा माणूस वैजापुरात जन्मला असता तर एसटी स्टँडजवळ त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान जोरात चाललं असतं. दुरुस्त करता यावी म्हणूनच जी वस्तू जन्माला घातली, तिचीच आज दुरुस्ती केली की किंमत उतरते. रंगाचंही तसंच. फेंडर कंपनी मोटारींना देतात तेच रंग गिटारीला देई, आणि तुम्ही खास लाल किंवा निळा मागितलात तर पाच टक्के जास्त घेई. त्या पाच टक्क्यांनी आज किमतीत काय फरक पडतो, तो भाच्यानं आकड्यात सांगितला, पण बहिणीनं तेवढ्यात चहा आणल्यामुळे तो माझ्या लक्षात राहिला नाही. पुष्कळ पडतो.

शिवाय फेंडरनं जानेवारी 1965 मध्ये कंपनी सीबीएस या बड्या संस्थेला 1 कोटी 30 लाख डॉलरला विकली. डिसेंबरमध्ये जी माणसं, जी यंत्रं, जे खोकेभर स्क्रू होते, तेच जानेवारीतही होते. पण तेव्हापासून 'सीबीएसच्या आधीची' आणि 'नंतरची' अशी गिटारींची दोन घराणी झाली, आणि आधीच्या घराण्याचा भाव वेगळा. सातबाऱ्यावर मालकाचं नाव बदललं की त्याच मातीचा भाव बदलतो, हे आम्हाला समृद्धी महामार्गाच्या वेळी कळलंच होतं. गिटारवाल्यांना ते आधी कळलं.

आता तुम्ही म्हणाल, वैजापुरात इलेक्ट्रिक गिटार आली कुठून. गिटार फारशी आली नाही, हे खरं आहे. परवाने आणि आयातबंदीच्या काळात खरी फेंडर मुंबईतसुद्धा बोटीवर नोकरी करणाऱ्या एखाद्या गोवेकराच्या ओळखीनंच मिळायची. बाकीच्यांनी कोलकात्याच्या गिव्हसनवर भागवलं. नाव नीट वाचा, एका अक्षरात काम झालेलं आहे. पण तारेचं, विजेवर चालणारं आणि कानठळ्या बसवणारं वाद्य आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नांदतं आहे, आणि ते म्हणजे बेंजो. लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर बसून वाजतो तो.

हे वाद्य मुळात जपानचं. नागोयाच्या गोरो मोरितांनी 1912 मध्ये ते काढलं. टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि खालच्या तारा छेडायच्या, म्हणजे ज्याला तार कुठं दाबायची ते कळत नाही त्यालाही वाजवता यावं. आपल्याकडे ते बुलबुल तरंग झालं, मग कुणीतरी त्याच्या पोटात तारांचा आवाज विजेत पकडणारं पिकअप बसवलं आणि बुलबुलचा गरुड झाला. आमच्या ओळखीच्या एका बेंजो पार्टीच्या मास्तरांकडे असा एक जुना बेंजो आहे. लाकडी खोकं, त्यावर आकडे छापलेली बटणं. त्यातली काही पिवळी पडलेली, तर काही दुसऱ्याच बेंजोची म्हणून पांढरीशुभ्र. एका बटणाच्या जागी शर्टाचं बटण चिकटवलं आहे आणि ते इतरांपेक्षा चांगलं चालतं. खालून निघालेली वायर काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेली. नखी तेलाच्या प्लास्टिकच्या डब्यातून कापलेली. डाव्या कोपऱ्यात टवका उडाला आहे तिथं निळ्याखाली तांबडा आणि तांबड्याखाली हिरवा रंग दिसतो, म्हणजे दर काही गणपतींनी एक थर. वरून रेडियमची अक्षरं.

नॅशव्हिलच्या नियमानं हा बेंजो तपासला तर दुकानदाराचे सुस्कारे संपायचे नाहीत. रंग मूळचा नाही, तोही तीनदा नाही. बटणं नाहीत, तारा नाहीत, पिकअप नाही, खुंट्या तर बाजारातून किलोवर आणलेल्या. मूळचं म्हणावं असं त्यात फक्त भोक उरलं आहे, तेही मोठं झालेलं. मास्तरांना मी हे समजावून सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "पण नवाकोरा दिसतो का नाही?" मी विचारलं, हा कुणा मोठ्या माणसापुढं वाजला आहे का, कारण त्यानं किंमत वाढते. मास्तर म्हणाले, "माजी सभापतींच्या पोराच्या लग्नात वाजलाय. पण त्यांच्याकडून अजून पैसे यायचेत."

थोर माणसाच्या हाताचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि आधीच्या सगळ्या नियमांचा तो सत्यानाश करतो. एरिक क्लॅप्टननं 1970 मध्ये नॅशव्हिलच्या एका दुकानातून सहा जुन्या स्ट्रॅटोकास्टर उचलल्या. तेव्हा त्यांना कुणी विचारत नव्हतं. तीन मित्रांना वाटल्या, उरलेल्या तिन्हींचे चांगले चांगले भाग काढून त्यांची एक गिटार बनवली. काळी होती म्हणून तिचं नाव 'ब्लॅकी'. आता नियमानं बघितलं तर ही तीन घरची मोडतोड. पण 2004 मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात तिला 9 लाख 59 हजार 500 डॉलर आले. आणि घेतली कुणी, तर गिटार सेंटर या दुकानांच्या साखळीनं. दुकानदारानं एवढे पैसे टाकले म्हणजे तो वाजवत बसणार नाही हे उघड होतं. दोनेक वर्षांत फेंडरनं तिच्या 275 हुबेहूब नकला काढल्या. हुबेहूब म्हणजे क्लॅप्टन वाजवताना गिटारीच्या डोक्याला खोचून ठेवलेल्या सिगारेटनं जिथं डाग पडला होता तिथं डागसुद्धा. त्या नकला हजारो डॉलरला एक अशा विकल्या गेल्या. मूळ डाग फुकटात पडला होता.

पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमरची काळी स्ट्रॅटोकास्टर याहून पुढची. या गृहस्थानं तिची मान अनेकदा बदलली, आतले भाग बदलले, भोकं पाडली, ती बुजवली. मास्तरांच्या बेंजोचे सगळे गुन्हे तिच्यावर दाखल होते. लिलाववाल्यांनी अंदाज धरला होता एक ते दीड लाख डॉलरचा. जून 2019 मध्ये ती गेली 39 लाख 75 हजार डॉलरला. पैसा त्यानं पर्यावरणासाठी काम करणाऱ्या संस्थेला दिला, म्हणून मला त्याच्याबद्दल काही वाकडं बोलता येत नाही.

तेव्हा नियम असा दिसतो : ज्या गिटारीला कुणीच हात लावला नाही ती महाग, आणि जिला एखाद्या दिग्गजानं मनसोक्त हात लावला ती त्याहून महाग. मधल्या मधे तुमच्या-माझ्यासारख्यानं हौसेनं वाजवली, पुसली, तुटलेलं बटण बदललं की उतरली. म्हणजे मालाचं नुकसान करणारा वर्ग एकच, जो तो माल वापरतो.

यावरही उपाय निघाला. 1995 पासून फेंडरच्या खास विभागात नवी गिटार बनवून तिला कारखान्यातच खरवडून, पिवळी पाडून, धातूचे भाग गंजवून विकायला काढतात. 'रेलिक' म्हणतात. जास्त खरवडलेली हवी असेल तर जास्त पैसे. आमच्याकडे हे काम पाहुण्यांची पोरं फुकटात करतात आणि जाताना त्यांच्या हातावर खाऊला पैसेही ठेवावे लागतात.

कागद आणि खोकं यांचं महत्त्व मात्र आमच्या गावाला लगेच पटलं. जुन्या गिटारीबरोबर तिची मूळ पेटी, दुकानाची पावती, कंपनीचं चिठ्ठीचपाटं असेल तर किंमत चांगलीच चढते. 1959 च्या लेस पॉलची नुसती रिकामी पेटी हजारो डॉलरला जाते. आत काय आहे यापेक्षा खोक्याला किंमत, हे महाराष्ट्राला 2022 नंतर वेगळं समजावून सांगायला नको. 1959 च्या सुमाराच्या गिब्सनच्या पिकअपखाली एक बारीकशी काळी चिठ्ठी असते, 'पेटंटसाठी अर्ज केला आहे'. सेथ लव्हर या इंजिनियरनं 1955 मध्ये अर्ज केला, 1959 मध्ये पेटंट मिळालं. पेटंट मिळाल्यानंतरच्या पिकअपपेक्षा नुसता अर्ज केलेल्या पिकअपला आज कितीतरी जास्त पैसे पडतात. पुढं कंपनीनं पेटंटचा क्रमांक छापला तोही भलत्याच भागाचा. आपल्या देशात अर्ज करून वाट बघत बसलेल्या लाखो लोकांना, मी म्हणतो, एवढा दिलासा पुरे आहे.

आणि कोर्ट. सत्तरच्या दशकात जपानी कंपन्यांनी गिब्सनच्या हुबेहूब नकला काढल्या. 1977 मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीनं आयबनेझवाल्यांवर गिटारीच्या डोक्याच्या आकारावरून दावा ठोकला. दावा बाहेरच मिटला. पण त्या काळातल्या सगळ्याच जपानी नकलांना 'लॉसूट गिटार' म्हणायची पद्धत पडली, ज्यांच्यावर कधीच दावा नव्हता त्यांनाही, आणि दाव्याचं नाव लागल्याबरोबर त्यांचे भाव वर गेले. दाजींची दोन एकर जमीन भावकीच्या दाव्यात अडकली आहे. तिला गिऱ्हाईक मिळत नाही. मी हा मुद्दा त्यांच्यापुढं काढला नाही.

एवढे पैसे शेवटी मोजतं कोण? मोजतो तो पन्नाशीतला माणूस, ज्याला सोळाव्या वर्षी ती वस्तू हवी होती आणि बापानं दिली नाही. म्हणून आता पन्नासच्या दशकातल्या गिटारींबरोबर नव्वदच्या दशकात गाजलेल्यांनाही पालवी फुटली आहे. तेव्हाची पोरं कमावती झाली. रॉक गायक कर्ट कोबेननं एका गाजलेल्या चित्रफितीत वाजवलेली फेंडर मस्टँग 2022 मध्ये 45 लाख 50 हजार डॉलरला गेली. मस्टँग मुळात विद्यार्थ्यांसाठी काढलेली स्वस्तातली गिटार होती. वैजापुरात त्या वयात गिटार कुणाला हवी नव्हती. हवी होती यामाहा आरएक्स 100. ती 1996 मध्ये बंद झाली, आणि आज चांगल्या अवस्थेतली, मूळ सायलेन्सर असलेली एक नवी असतानाच्या कितीतरी पटीनं जाते. तिला मात्र आमच्या पोरांनी आधीच हिरवा रंग देऊन ठेवला आहे.

सगळेच असं मानतात असं नाही. मिरजेचे तंतुवाद्य कारागीर दीडशेहून जास्त वर्षं सतार-तंबोरे बनवत आहेत, 2024 मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथं पिढीजात तंबोरा दुरुस्तीला आला तर त्याची जवारी नव्यानं घासतात, भोपळ्याला तडा असेल तर सांधतात, पॉलिश करतात, आणि गवई तो मांडीवर घेऊन षड्ज ऐकतो. ऐकून समाधान झालं तर पैसे देतो. वरचा थर मूळचा आहे का ते बघायला तो जांभळा दिवा मागत नाही. मला विचाराल तर मी मिरजेच्या बाजूचा आहे. पण पैसा नॅशव्हिलच्या बाजूला आहे, आणि हा लेख पैशाबद्दल आहे.

म्हणून वाचकांना हात जोडून एवढंच. तुमच्या माळ्यावर ऑर्केस्ट्राच्या जमान्यातली काकांची इलेक्ट्रिक गिटार पडली असेल, तर आधी ऑइलपेंटचा डबा घरातल्या माणसांपासून लपवा. धूळ कोरड्या फडक्यानं पुसा, ओलं लावू नका. स्क्रू उघडू नका, तुटलेला भाग फेकू नका, पेटी रद्दीवाल्याला देऊ नका, आणि काकूंच्या ट्रंकेत पावती मिळते का बघा. गिटार गिव्हसन असेल तर कोटींची स्वप्नं बघू नका, वाजवा. खरोखरच गिब्सन किंवा फेंडर निघाली, तर दोन-तीन जाणकारांना दाखवल्याशिवाय विकू नका, आणि पहिल्या दुकानदारानं सुस्कारा सोडला की तो निम्म्याच्या आसपास भाव सांगणार आहे हे धरूनच बोलायला सुरुवात करा.